चाकू मिटेपर्यंत

माझा वाढदिवस नोव्हेंबरात येतो. माझ्या मुलाला, रेजिसला, तो कधी आठवत नाही. त्याची बहीण ओदील आठवण करून देते आणि मग तो संध्याकाळी फोन करतो. तोच रेजिस जूनमध्ये म्हणाला, "आई, रविवारी पोलिन्यीला जेवायला जाऊ, आपण तिघंच," तेव्हाच मी ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

कुठे ते ओदीलने सांगून टाकलं. माझ्या मुलीला लपवाछपवी जमत नाही, बापावर गेलीय. फोनवर माझ्या पायाची चौकशी करता करता म्हणाली, "आणि तिथली बाग इतकी छान आहे ना, आई..." आणि एकदम गप्प.

"कुठली बाग?"

"काही नाही गं. रविवारी बोलू."

फोन मी आपटूनच ठेवला. हिवाळ्यात सरपणाच्या ढिगाजवळ बर्फावरून घसरून मी पडले होते, तेव्हापासून रेजिसच्या बोलण्यात बेझान्सोंमधलं म्हाताऱ्यांचं ते घर सारखं येत होतं. त्याच्या घरापासून जवळ, नर्स चोवीस तास, सूप सहा वाजता. म्हणजे आता खोलीही ठरली होती. मला फक्त तोंड गोड करून सांगायचं बाकी होतं.

जावं की न जावं, असा प्रश्नच नव्हता. मी चांगला निळा झगा घातला, केस बांधले आणि पर्समध्ये आर्मांचा चाकू टाकला.

आर्मां माझा नवरा. त्याच्या घरात जेवणाचे दोन नियम होते, त्याच्या बापापासून चालत आलेले. चीज पुढ्यात येईपर्यंत गंभीर विषय काढायचा नाही. गाय आजारी असो, शेत विकायचं असो, पोरीचं लग्न मोडलेलं असो. आधी सूप, मग मांस, मग सॅलड, मग चीज, आणि मग काय ते बोला. दुसरा नियम चाकूचा. आर्मां नेहमी स्वतःच्या खिशातल्या चाकूने जेवायचा, आणि त्याने तो मिटला की जेवणही संपलं आणि बोलणंही. पुढ्यात काहीही उरलेलं असो, सगळ्यांनी उठायचं. रेजिस लहानपणी फार हळू खायचा. खट्ट आवाज झाला की बिचारा तोंडातल्या घासासकट उभा राहायचा. आर्मांने स्वतःच्या पोटातला रोगसुद्धा आम्हाला चीज कापल्यावरच सांगितला. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, ऑपरेशन करून घेणार नाही म्हणाला, आणि चाकू मिटला. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही.

ते रेस्टॉरंट म्हणजे पूर्वीचं बियाण्यांचं दुकान. याच दारातून मी बटाट्याचं बियाणं नेलेलं आहे. आता आत करड्या भिंती, टेबलांवर कापड नाही, आणि आचारी काचेमागे उभे राहून चिमट्याने बशा सजवतायत. मी बसले आणि चाकू उघडून उजव्या हाताला ठेवला.

"आई, तो आत ठेव ना," रेजिस दबक्या आवाजात म्हणाला. "इथे सुऱ्या देतात."

"देऊ देत की. मी कुठे त्यांच्या काढून घेतेय?"

वाढणारी मुलगी आली. चांगली हसरी होती. म्हणाली, "आमच्याकडे यादी नसते, मादाम. शेफनी ठरवलेलं जेवण असतं, आणि ते अख्ख्या टेबलाने एकत्रच घ्यायचं असतं."

"आणि एकाला नको असेल तर?"

"मग कुणालाच देता येत नाही."

"हा नियम बरा आहे," मी रेजिसकडे बघत म्हटलं. "एकाने नाही म्हटलं की सगळं थांबलं."

ओदीलने पाण्याचा पेला तोंडाला लावला. तिला हसू आलं होतं की रडू, मला कळलं नाही.

पहिलं आलं बीट. एक पातळ चकती, तिच्यावर पांढरा ठिपका. ती कुठल्या मातीत उगवली, किती वेळ भाजली, शेफना लहानपणी तिच्याबद्दल काय वाटायचं, हे सगळं त्या मुलीने सांगितलं आणि मी ती एका घासात संपवली. नमनाला घडाभर तेल! मग ट्राउट मासा आला, वाळल्या गवताच्या धुरात ठेवलेला. झाकण उघडलं तसा आमच्या गोठ्याचा वास आला, आणि खोटं कशाला बोलू, मासा उत्तम होता.

रेजिसला वाटलं आई खुशीत आहे. त्याने घसा खाकरला. "आई, आम्ही दोघं विचार करत होतो की येता हिवाळा..."

"चीज आलं का?" मी विचारलं.

"काय?"

"चीज, रेजिस. तुझ्या बापाच्या टेबलावर वाढलायस तू."

तो छप्पन्न वर्षांचा आहे, बँकेत हाताखाली माणसं आहेत. तरी खाली मान घालून मासा खायला लागला.

नंतर पाव आला, आणि तोही एक पदार्थ म्हणून! छोटा गोल पाव, सोबत लोणी, आणि वर पुन्हा भाषण. खाऊन होताच ती मुलगी उरलेला पाव उचलायला लागली. मी माझ्या तुकड्यावर हात ठेवला.

"मादाम, पुढच्या पदार्थाबरोबर पाव नसतो."

"आणि रस्सा कशाने पुसायचा? बोटाने?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पाव तिथेच राहू दिला. पोरगी शहाणी निघाली. पुढच्या बशीत मोरेल अळंबी आणि आमच्याकडच्या पिवळ्या वाइनचा फेस होता, आणि मी बशी पावाने पुसून इतकी लख्ख केली की धुवायची गरज नव्हती. शेजारच्या टेबलावरची बाई बघत होती. बघू दे.

वासराचं मांस आलं, गेलं. रेजिस आता घड्याळाकडे बघत होता. चीजची वाट बघत होता बिचारा, लहानपणी सुद्धा त्याने कधी इतकी बघितली नसेल. ती मुलगी बशा उचलत म्हणाली, "आता गोडाच्या आधी तोंड स्वच्छ करायला एक थंड, आंबटसं काहीतरी येईल."

"आणि चीज?" हे विचारलं रेजिसने.

"आमच्या जेवणात चीज नसतं, मोसिय."

असा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. पोलिन्यीत! जिथे चीजची तळघरं गावभर आहेत, जिथल्या डेअरीत आर्मांने जन्मभर दूध घातलं, तिथे माझ्या मुलाने शोधून शोधून बिनचीजचं हॉटेल काढलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मग झालं," मी म्हटलं. "गोड खाऊ आणि घरी जाऊ."

"आई, हा पोरखेळ आहे! बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली!"

"नियम त्यांच्याबरोबर पुरलेला नाही."

आवाज चढला तसा शेफ स्वतः बाहेर आला. तरुण, सडपातळ, हाताला भाजल्याचे डाग. काही चुकलं का, त्याने विचारलं.

"जेवण चांगलं आहे," मी म्हटलं. "पण माझ्या मुलाला मला काहीतरी सांगायचंय, आणि आमच्यात चीजशिवाय ते सांगता येत नाही."

शेफने रेजिसकडे पाहिलं. "महत्त्वाचं आहे?"

"फार," रेजिस म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता.

"मी चीज ठेवत नाही. ते खाल्लं की माझं गोड कुणाला कळतच नाही." मग त्याने दाराकडे हात केला. "पण समोरचं दुकान आता बंद होईल. पळा!"

आणि माझा मुलगा पळाला. कोट खुर्चीवर, नॅपकिन हातात, भर रविवारी चौकातून धावत गेला. ओदील आता खरंच हसत होती, डोळे पुसत पुसत.

"आई, तो वाईट नाहीये गं."

"मला माहितीय. वाईट असता तर सोपं गेलं असतं."

तो धापा टाकत परत आला. कागदात कोंते चीजचा जाडजूड तुकडा होता, उन्हाळ्यातल्या दुधाचा, पिवळाधमक. निवडला मात्र बरोबर होता. तो टेबलावरची सुरी घ्यायला लागला, तेव्हा मी कागद माझ्याकडे ओढला आणि आर्मांच्या चाकूने कापायला घेतलं. एक तुकडा ओदीलला, एक रेजिसला, एक वाढणाऱ्या मुलीच्या हातावर ठेवला, तिने तो तिथेच उभ्याने खाल्ला. शेवटचा मला.

"बोल," मी म्हटलं.

तो बोलला, आणि मी मध्ये एक शब्द काढला नाही. खोली दक्षिणेकडची आहे, सोमवारपर्यंत धरून ठेवलीय. माझी खुर्ची नेता येईल, मांजर नाही. मग त्याचा आवाज बदलला. "आई, मी रोज सकाळी तुला फोन करतो. तू उचलेपर्यंत मी गाडीची किल्ली हातात धरून उभा असतो. रोज. मला नाही झेपत आता."

हे मला माहीत नव्हतं.

"ओदील?"

"मला भीती वाटते, आई," ती म्हणाली. "पण तुला विचारायला हवं होतं. आम्ही विचारलं नाही."

"नाही विचारलंत. आता माझं ऐका." मी चाकूचं पातं नॅपकिनने पुसायला घेतलं. "मी पडले, हे खरं. शेजारचा मार्सो येईपर्यंत पडून होते, तेही खरं. थंडी वाजत होती. पण मला काय वाटत होतं, हे तुम्ही कुणी विचारलं नाहीत. मला वाटत होतं, वर अक्रोडाचं झाड आहे, हे मी लावलंय. पलीकडे गोठा आहे, तिथे तुम्ही दोघं पहिल्यांदा चाललात. मरायचं असेल तर जागा वाईट नाही. आणि मग मला राग आला की अजून कोबी लावायचाय. मी परत पडेन, रेजिस. कदाचित उठेन, कदाचित नाही उठणार. पण पडले तर माझ्या अंगणात पडेन. बेझान्सोंत बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. उद्या फोन कर आणि ती खोली दुसऱ्या कुणाला द्यायला सांग. बागेची आवड असलेल्या कुणाला तरी."

"पण आई, मी अजून सगळं सां..."

मी चाकू मिटला. खट्ट.

रेजिस उभा राहिला.

मी उठ म्हटलं नव्हतं, कुणीच म्हटलं नव्हतं. वाक्य अर्धवट, गालात चीजचा घास, आणि माझा मुलगा खुर्ची मागे सारून ताठ उभा होता, हात बाजूला, आठ वर्षांचा असताना राहायचा तसा. ओदीलही निम्मी उठली होती. मग त्याचं त्यालाच कळलं. त्याने आपल्या पायांकडे पाहिलं, आणि डोळे भरून आले त्याचे.

त्या क्षणी मला चाकू परत उघडावासा वाटला. देवाशपथ वाटला. पोराला बसवावं, त्याला हळू हळू खाऊ द्यावं, काय सांगायचंय ते सगळं सांगू द्यावं.

नाही उघडला. पर्समध्ये टाकला, टेबलाला धरून उठले आणि त्याचा दंड पकडला.

"घास गिळ आधी," मी म्हटलं. "आणि मग चल, घरी सोड मला."