मोरितासानांचा डबा

"आई, तिथे फुकट काय काय बघता येतं?" स्वरालीने आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, नेहमीप्रमाणे इंग्रजीत विचारलं. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर ती जपानला निघाली होती आणि आम्ही पूर्वी राहायचो त्या तिथल्या लहान शहरात एक दिवस थांबणार होती.

फुकटातलं सगळं मला पाठ होतं. तिच्या जन्माआधी माझा नवरा प्रताप आणि मी तिथल्या विद्यापीठात संशोधन करायचो. विद्यावेतनात महिना कसाबसा निघे, म्हणून रविवारी तिकीट नसलेल्या जागाच आमच्या. किल्ल्याखालची आयरिसच्या फुलांची बाग, विद्यापीठातली जीवाश्मांची खोली आणि हातकागदाचं छोटंसं संग्रहालय. त्याच्या मागे शेवाळाची बाग होती. शेवाळ मी सूक्ष्मदर्शकाशिवाय नीट पाहिलं ते तिथेच.

संग्रहालय मोरितासान, म्हणजे मोरिताबाई, सांभाळायच्या. एकदा त्यांनी लाकडी डब्यातून खारवलेले आलुबुखार दिले. डबा रिकामा कसा परत करायचा? मी बेसनाचे लाडू केले. ते त्यात मावेनात, म्हणून उरलेले माझ्या स्टीलच्या डब्यातून नेले. भेटीची परतफेड केल्याशिवाय त्यांनाही चैन पडत नसे. पुढच्या रविवारी दोन्ही डबे भरून परत!

"फुकट बाग म्हणे," प्रताप लाडू वळता वळता कुरकुरायचा. "यापेक्षा तिकिटाची परवडली असती."

शेवटच्या भेटीत मी स्टीलच्या डब्यातून चिवडा नेला, त्यांनी लाकडी डबा पुढे केला. दोन्ही भरलेले. दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं. तेव्हापासून त्यांचा डबा आमच्याकडे आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. त्या प्रेसच्या वरच्या फळीवर.

मोरितासान असतील का, मी त्यांना आठवेन का, हे मी स्वरालीजवळ बोलले नाही. लाकडी डब्यात लाडू भरून दिले आणि म्हटलं, "त्यांच्याच हातात दे."

तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही चहा घेत होतो.

"आई, शी पास्ड अवे. लास्ट विंटर. त्यांची भाची असते इथे."

मी कप खाली ठेवला. प्रतापने नुसतं "अरेरे" म्हटलं.

"वेट, हे बघ." फोन काउंटरकडे वळला. तिथे स्टीलचा डबा होता. आत शाईची गादी आणि येणाऱ्यांनी आठवण म्हणून कागदावर उमटवायचा शिक्का. डब्याच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. माझ्या आईने लग्नात सगळ्याच भांड्यांवर घालून घेतलं होतं. देवनागरी वाचायचा कंटाळा करणारी माझी मुलगी अक्षरं लावू लागली. "वृं... दा. आई, दॅट्स यू!"

"शिक्का का ठेवलाय त्यात?"

तिने भाचीला विचारलं. "ती म्हणते, तिच्या मावशीने सांगून ठेवलंय. हा डबा रिकामा ठेवायचा नसतो."

प्रतापने विचारलं, "आपला डबा आणायला सांगू?"

"नको. शिक्का कुठे ठेवतील मग?"

"अँड द वुडन वन?" स्वराली म्हणाली.

"लाडू त्यांना दे. डबा घेऊन ये."

फोन बाजूला ठेवल्यामुळे आता नुसतं छत दिसत होतं. पण कागदाची सळसळ ऐकू येत होती. भाची लाकडी डब्यात काहीतरी भरत होती.