सांबरांसाठी खडबडीत उतार

"अहो, पुन्हा! हात आवरा जरा," मी वरून ओरडले.

आमच्या ह्यांनी दचकून थापी उचलली. ओल्या सिमेंटचा हातभर पट्टा गुळगुळीत झालाच होता. सकाळपासून हेच चाललं होतं.

मी माल कालवते, हे गिलावा करतात. लग्नापासून आमचं असंच. ह्यांच्या भिंतीवरून माशीसुद्धा घसरावी! जंगलातल्या या कालव्याचे काठही ह्यांनीच घोटले, तेव्हा काय मिरवले होते. पण कालव्याच्या एका बाजूला सांबरांचं चरण्याचं रान राहिलं आणि दुसऱ्या बाजूला तळं. सांबर पोहतं झकास, पण काठ चढताना पाय घसरायचे आणि बिचारं दमून बुडायचं. म्हणून पाणी बंद असताना वनरक्षकबाईंनी तळ्याच्या बाजूला खडबडीत उतार करायला सांगितला. हा जमला तरच पुढचे होणार होते.

"असलं काम बघून लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला," हे पुटपुटले.

"म्हणू देत. सांबर काही तुमच्या गिलाव्याची तारीफ करायला येत नाही."

"तुला काय जातंय बोलायला!"

मला रागही आला आणि वाईटही वाटलं. जन्मभर कमावलेलं स्वतःच्या हातानं मोडायचं, ही काय चेष्टा आहे? तरी मी खाली उतरले, थापी काढून घेतली आणि मूठभर खडी ओल्या मालावर फेकली.

हे आ वासून बघत राहिले. मग कपाळावर हात मारून हसले. "अगं, अशी नाही. अर्धी आत रुतायला हवी, नाहीतर खुराखालून निसटेल." आणि गुडघे टेकून एकेक खडा दाबायला लागले. वाकडंतिकडं कामही ह्यांना नीटच करायचं होतं. असा राग यायचा या माणसाचा, आणि असाच त्याच्यावर जीवही जडायचा.

पाणी सुटल्यावर एका पहाटे आम्ही वनरक्षकबाईंबरोबर तळ्याच्या बाजूला झुडपाआड बसलो. एक मोठा नर पाण्यात उतरला. पोहत अलीकडे आला, गुळगुळीत काठावर चढू लागला आणि घसरला. पुन्हा घसरला. ह्यांनी माझं मनगट करकचून धरलं. "इकडे ये रे राजा, इकडे."

धडपडत तो उताराशी आला. पुढचे खूर खडीवर घट्ट बसले, मग मागचे. शिंगांचा तो पसारा सांभाळत वर आला आणि अंग झटकून तळ्याकडे निघून गेला.

"जमलं!" वनरक्षकबाई कुजबुजल्या. मी उठायला गेले, तर ह्यांनी मला खाली ओढलं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

"हलू नकोस गं. पलीकडे पिल्लू घेऊन आई थांबलीय."