म्हैस चोरीतला अ.ब.क.

"साहेब, आरोपी मीच हाय," आकाराम खाडे तिसऱ्यांदा म्हणाला. या वेळी जरा मोठ्यानंच, त्यामुळे कोर्टात निकालाच्या नकला मिळायच्या खिडकीपुढची सगळी रांग वळून त्याच्याकडं बघायला लागली.

आतल्या कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. 'मी न्हवंच' म्हणणारे त्यानं पोत्यानं बघितले होते. 'मीच तो' म्हणून भांडणारा पहिलाच.

"पावणं, निकालात आरोपीचं नाव अ.ब.क. हाय. तुमचं आधार कार्ड म्हणतंय आकाराम पिराजी खाडे. मी काय करू?"

"अ.ब.क. म्हंजे मी की."

"असाल की. पण ते मला बोलता येत न्हाय. नाव झाकायचा हुकूम हाय. आन् तो हुकूम त्या अ.ब.क.नंच मागून घेतलाय."

नावानिशी निकाल सीलबंद पाकिटात होता. तो हवा तर वकिलामार्फत अर्ज करायचा, मग तारीख, मग साहेबांची मर्जी. दोन-तीन महिने धरून चाला, असं कारकुनानं सांगितलं आणि झाकलेल्या नावाची नक्कल त्याच्या हातात दिली. आकारामला नावाची नक्कल सोमवारच्या आत हवी होती. सोमवारी शाळा होती आणि शाळेच्या मुलांवरच त्याची रिक्षा चालत होती.

मूळ भानगड म्हशीची. आकाराम पूर्वी टेम्पो चालवायचा. एका बाजारात एकानं त्याला भाडं दिलं, माझी म्हैस राधानगरीला सोडायची म्हणाला. वाटेत पोलिसांनी हात केला, म्हैस चोरीची निघाली. भाडेकरी उडी टाकून उसात गेला तो गेलाच. मागं राहिले दोघं, आकाराम आणि म्हैस. म्हशीवर गुन्हा दाखल होत नाही, म्हणून आकारामवर झाला. केस वर्षानुवर्षं चालली. म्हैस म्हातारी होऊन मेली, केस तरणीच. शेवटी निर्दोष सुटला. पोलिसांनी पेढे मागितले, ते त्यानं दिले. आपल्याकडं निर्दोष सुटलेल्यानंच तोंड गोड करायचं असतं.

पुढं सगळ्यांच्या हातात इंटरनेटचे फोन आले. कुणीही त्याचं नाव टाकलं की पहिल्यांदा म्हैस वर यायची. निर्दोष हा शब्द खाली कुठंतरी, तिथपर्यंत वाचायला कुणाला वेळ आहे? आधीच्या शाळेतली मुलं त्या म्हशीनं खाल्ली. म्हणून अमरसिंह वकिलांना धरून त्यानं कोर्टाकडून नाव झाकून घेतलं. झाकलं त्या दिवशी तो ताठ मानेनं घरी आला होता.

आणि यंदा पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी जुन्या पानाचा फोटो टाकला. बाकीच्यांनी शोधलं तर पान गायब. मग काय. नुसती चोरी होती, आता पुरावा नष्ट केल्याची चोरीही अंगावर आली.

शनिवारी राजारामपुरीत, रिक्षातल्या एका मुलीची आई सोनल शेट्टी यांच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये पालक जमले. आकारामनं नक्कल पुढं केली. सोनलनं ती उभ्या उभ्या सगळी वाचली. बाकी कुणी तेवढंही केलं नाही.

"काका, यात अ.ब.क. निर्दोष आहे. ठीक आहे. तुम्ही कुठं आहात?"

"झाकलोय न्हवं का मी."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. एकानं विचारलं, असलं झाकायला वरपर्यंत ओळख लागत असेल नाही? हा गृहस्थ स्वतः तीन मजले बेकायदा चढवून बसलेला. पण त्याचं नाव फोनवर टाकलं तर त्याच्या मिठाईच्या दुकानाला पाच तारे दिसतात.

सोनल हसली नाही. "राग मानू नका. पण मुली आमच्या आहेत. कोण नेतो, त्याचं मागचं काय, हे आम्हाला बघता आलं पाहिजे. तुमची मुलगी असती तर तुम्ही काय केलं असतं?"

आकाराम खोटं बोलू शकला असता. "बघितलंच असतं की, वैनी," तो म्हणाला.

ठरलं की सोमवारपासून मुलं एका व्हॅननं जातील, नाव असलेला निकाल येईपर्यंत. म्हणजे कायमचं, दोन-तीन महिन्यांनी व्हॅन सोडून परत कोण येतंय? हे त्यालाही कळलं आणि त्यांनाही.

तिथनं तो सरळ विश्वजित पेंटरकडं गेला. कोल्हापुरात रिक्षा म्हणजे नटवलेली नवरीच, आणि विश्वजितनं निम्म्या गावाच्या रिक्षा नटवलेल्या. मागच्या पत्र्यावर काय लिहायचं ते ऐकून त्यानं ब्रश खाली ठेवला.

"दादा, मी वाघ काढतो. म्हस कशी काढू?"

"चित्र नगं. नुसतं लिव्ह."

"मग नावाच्या जागी अ.ब.क.च टाकू का? कोर्टाचा घोळ नगं."

"पुरं नाव टाक. बापाच्या नावासकट. त्याखाली म्हैस चोरी केस. त्याखाली निर्दोष. तिन्ही सारख्याच अक्षरात. बारीक काढलंस तर लोक परत फोन काढत्यात."

कुणाकडनं तरी कळून अमरसिंह वकिलांचा फोन आला तेव्हा दुसरी ओळ सुकत होती. ते भडकलेच. जे झाकायला मी दोन वर्षं टाचा घासल्या, ते तू भर रस्त्यावर मिरवणार, शुद्धीवर आहेस का, असं बरंच काही.

आकारामनं सगळं ऐकून घेतलं. "वकीलसाहेब, दाखवलं तरी चोर, झाकलं तरी चोर. मग झाकून मरण्यापरीस दाखवूनच मरतो की."

सोमवारी तो नेहमीच्या वेळेला निघाला. सिग्नलला मागचा मोटरसायकलवाला मोठ्यानं वाचायला लागला, म्हशीपाशी हसला आणि तिसऱ्या ओळीला गप्प झाला.

राजारामपुरीत पहिल्या मुलाच्या दारात त्यानं हॉर्न दिला. कुणी आलं नाही. त्यानं रिक्षा वळवली, तिची लिहिलेली पाठ दाराकडं केली, थोडं थांबला आणि पुढच्या दारात गेला. तिथंही तसंच. व्हॅन येऊन गेली होती. तरी एक दार त्यानं चुकवलं नाही.

सोनलच्या बिल्डिंगसमोर त्यानं हॉर्न दिलाच नाही. ती गॅलरीत टॉवेल वाळत घालत होती, ती थांबली. आकारामनं रिक्षा वळवून पाठ गॅलरीकडं केली आणि तिचं वाचून होईपर्यंत इंजिन बंद करून, समोर बघत बसून राहिला.