दोन गच्च्यांवरची धूळ

अमरावतीला वामनरावांच्या गच्चीवर आणि अकोल्याला त्यांचे व्याही शेषराव यांच्या गच्चीवर कॉलेजच्या प्रमोदिनी मॅडमनी हवेतली बारीक धूळ मोजणारी यंत्रं बसवली, वर्षभरासाठी. मॅडमचा हेतू अभ्यासाचा. व्याह्यांनी मात्र त्याची कुस्ती केली. रोज सकाळी मोबाइलवर आकडा पाहायचा आणि एकमेकांना फोन लावून खिजवायचं.

तोवर सगळं हसण्यावारी होतं. मग वामनरावांच्या लेकीला, शेषरावांच्या घरी दिलेल्या करिश्माला दिवस गेले आणि शेषरावांनी व्याह्यांना ऐकवलं, "इवाई, तुमच्याकडची हवा लय खराब. सूनबाईचं बाळंतपण अकोल्यातच करू."

वामनराव तडकले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हा रिवाज झाला. पण खरं म्हणजे लेकीसाठी त्यांचा जीव तुटत होता. आकडा खाली आणायचाच, असं त्यांनी ठरवलं. उभा जन्म झेंडूच्या मळ्यात गेलेला, फुलांवरची धूळ कशी उतरवायची हे त्यांना कोणी शिकवायला नको. नवा कोरा फवारणीचा पंप घेऊन ते रोज पहाटे यंत्राभोवती पाणी मारू लागले. आकडा वर गेला. मग दुपारीही मारलं. आकडा आणखी चढला.

शेवटी मॅडमच धावत आल्या. "अहो काका, हे काय करताय? यंत्र पाण्याचे बारीक थेंबसुद्धा धूळ म्हणून मोजतं!"

वामनरावांनी जीभ चावली. पंप बंद झाला, आठवडाभरात आकडा उतरला, पण अकोल्याच्या वरच थांबला. थाप मारायचा मोह त्यांना झाला. पण प्रश्न लेकीच्या आणि येणाऱ्या बाळाच्या श्वासाचा होता. त्यांनी फोन लावला.

"इवाई, पान्याचा घोळ मीच केला होता. पन खरा आकडा बी तुमच्याहून जास्तच हाये. पोरीले तिथंच राहू द्या."

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. पार्बताबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि फळीवरून पिशवी काढली.

"पोरगी येत नाही, तं माय जाते. तुमी हवा मोजत बसा."

"माही बी पिशवी भर."

"अन् लेकीले लेकरू होयेपर्यंत तिच्या घरचं पानी पेत नाही ना तुमी?"

"नाहीच पेत." वामनरावांनी पाण्याची मोठी कॅन भरून दाराशी आणून ठेवली. "हवा अकोल्याची चालंन. पानी आपलं नेतो."