उत्तरेकडची भिंत

सासूबाईंच्या खोलीतल्या उत्तरेकडच्या भिंतीवर काळी बुरशी धरली होती आणि तिचं खापर सुनेच्या डोक्यावर फुटलं होतं. "ओले कपडे घरात वाळत घालते, मग दुसरं काय होणार?" असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. सुनेने कपडे बाहेर वाळत टाकले, खिडक्या उघड्या ठेवल्या, भिंत घासघासून हात सोलवटून घेतले. बुरशी हटेना. हळूहळू तिलाही वाटायला लागलं, चुकतंय ते आपलंच.

शेवटी खोली उबदार आणि कोरडी व्हावी म्हणून नवऱ्याने भिंतीला आतून थंडी अडवणाऱ्या जाड पाट्या बसवायचं ठरवलं. काम बघायला पन्नाशीची एक गवंडीण आली. तिने भिंत ठोकून पाहिली, बाहेर जाऊनही ठोकली, आणि छिन्नीने प्लास्टरचा एक टवका उडवला. मागची वीट चिंब भिजलेली होती.

"ही जुनी, भरीव भिंत. मध्ये पोकळी नाही," ती म्हणाली. "विटा पावसाचं पाणी पितात आणि ऊन पडलं की सोडून देतात. तुम्ही बाहेरून सिमेंट थापलंय. त्याला भेगा गेल्यात. पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नाही. आत्ता पाट्या लावल्या तर मागच्या मागे सगळं कुजेल."

सुनेने चाचरत विचारलं, "म्हणजे कपड्यांमुळे नाही?"

"कपड्यांनी फार तर खिडकीच्या काचा ओल्या होतात, बाई. वीट इतकी खोलवर भिजत नाही."

सुनेचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात नवरा खाली बघत म्हणाला, "सिमेंट मी लावलं होतं. लग्नाच्या आधी. सगळी सुट्टी त्यात घालवली होती."

तो गप्प बसला असता तर सुनेला कळलंही नसतं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या सुनेजवळ आल्या. म्हणाल्या, "मी उगाच तुला बोल लावत राहिले. चुकलंच माझं."  सुनेने नुसती मान हलवली.

सिमेंट खरवडून काढायला आठवडा गेला. उन्हाळाभर भिंत उघडी ठेवून वाळवली. गवंडीण दोनदा येऊन ओल मोजून गेली. पहिल्यांदा म्हणाली, अजून थांबा. दुसऱ्यांदा ओल उतरलेली दिसली, तेव्हा तिने बाहेरून ओल कोंडून न ठेवणाऱ्या चुन्याचा गिलावा केला, आतून लाकडाच्या तंतूंच्या पाट्या बसवल्या आणि त्यांच्यावरही चुना फिरवला.

थंडी पडली तशी सून रोज सकाळी त्या भिंतीलगतचं कपाट ओढून बुरशी परत धरली का ते मागे डोकावून बघायची. पंधरा दिवस गेले, महिना गेला, भिंत स्वच्छच राहिली. एक दिवस सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या, "अगं, राहू दे ते कपाट. ये, बस इथे जरा."

ती पांघरुणात पाय घालून त्यांच्या शेजारी बसली. बोलता बोलता तिला कधी डुलकी लागली, ते तिचं तिलाच कळलं नाही.