गाड्यापुढची घोडी

मी राजुरीच्या हौशीरामची लाल घोडी बोलतेय.

आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रेला बैलगाडे पळतात. चार बैल जुंपतात आणि त्यांच्यापुढं स्वार घेऊन एक घोडी सुटते. बैल तिच्यामागं धावतात. हार मात्र बैलांच्या गळ्यात पडतो; घोडी तोवर बाजूला धापा टाकत असते.

१९८९ साली मी पहिल्यांदा घाटात, म्हणजे त्या चढाच्या धावपट्टीवर, उतरले. अकरा वर्षं पळाले. २००० सालच्या चैत्रात माझे पुढचे गुडघे नारळाएवढे सुजले होते. सकाळी आधी ते वाजायचे, मग मी उठायची.

त्याच साली हौशीरामनं चार नवे खोंड घेतले होते. त्यांना पळायला मी शिकवलं. ओढ्याकाठच्या रानात रोज मी पुढं, ते मागं. पोरं तयार व्हावीत म्हणून मी जीव तोडून पळाले, आणि तिथंच चुकले. ते दुसऱ्या कुठल्याच घोडीमागं पाऊल टाकेनात.

हौशीरामची बायको बयाबाई म्हणाली, “आता हिला सोडा. पाय टेकवंना तिला.”

“एवढी यात्रा व्हऊ दे,” हौशीराम म्हणाला. “मग लिंबाखाली बसून खाईल. आमी काय कसाई हाय का?”

त्या शब्दावर मी दिवस काढले.

यात्रेला टेम्पोतून निघालो. घोडेगावपर्यंत प्रत्येक खड्ड्याला खोंड माझ्यावर रेलायचे. तरणी अंगं ती, दुखणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. उतरले ती लंगडतच. स्वार कुंडलिक मालकाला म्हणाला, “मामा, ही पडंल. मागनं बैल येत्यात, मी बी मरंन.”

हौशीरामनं एका सुईवाल्याला बोलावलं. दोन्ही गुडघ्यांत सुया गेल्या. कळ थांबली आणि पायही आपले राहिले नाहीत. मी पळाले. गाडा पहिला आला. सुईचा असर उतरला तशी मी मटकन खाली बसले. म्हातारी दमली, असं म्हणून लोक हसले.

लिंबाखाली कुणी बांधलं नाही. पुढच्या यात्रेलाही सुया होत्याच. त्या वर्षी धर्माजी नावाचा एक जुना गाडामालक गोठ्यात आला. माझ्याकडं बघून म्हणाला, “येड्या, बैलांना घोडी न्हाई, वास पायजे. हिच्या पाठीवरचं घोंगडं नव्या घोडीवर टाक.”

टाकलं. खोंड त्या पोरसवदा घोडीमागं सुसाट सुटले. दावणीवरून मी ते पाहिलं आणि मला आनंद झाला. वाटलं, सुटले मी.

आठवड्याच्या आत वारूळवाडीचा गेणू आला. वरातीच्या घोड्या ठेवतो तो. बयाबाई मधे पडली, तर हौशीराम तिच्याकडं न बघताच गेणूला म्हणाला, “बसून खाणारं जनावर कोण ठिवतं, पावणं?”

आता मी वरातीत असते. पळायचं नाही, फक्त उभं राहायचं. तेच अवघड. परवा चंपालालशेठच्या नातवाची, पारसची, वरात होती. बँड दर चौकात थांबायचा आणि मी डांबरावर नवरदेवाला घेऊन उभी. एका पायावर भार असह्य झाला की तो उचलायचा, मग दुसरा.

“आजी, घोडी बघ कशी नाचतीय!” नवरदेवाची धाकटी बहीण रिद्धी ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या आजीनं, कस्तुरबाईंनी, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि गुणाची आहे म्हणाल्या.

गेणू सुरुवातीला वरातीआधी माझ्या गुडघ्यांना औषध चोळायचा. त्या दिवशी मी शांत उभी राहायची. ही नाचत का नाही, असं गिऱ्हाईक विचारू लागलं, तसं त्यानं औषध बंद केलं.

तुमच्या गल्लीत वरात आली आणि लाल घोडी पाय उचलताना दिसली, तर एवढं करा. टाळी वाजवू नका. टाळी ऐकली की गेणू बँडवाल्याला खूण करतो, आणखी एक गाणं म्हणून.