जोतिरामचा गाल

जोतिरामच्या डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा होता, आणि तो गाल आमच्या कॉलेजची मालमत्ता होता.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. अकरावीला अभिस्तर ऊतीचं प्रॅक्टिकल असतं. गाल आतून काडीने अलगद खरवडायचा, निघेल ते काचेवर पसरायचं, निळा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. पण आमची मुलं स्वतःचंच उष्टं काचेवर घ्यायला शी म्हणतात. म्हणून प्रयोगशाळेचा शिपाई जोतिराम एकोणीस वर्षं आपला गाल पुरवत आला. त्याच गालात तंबाखूचा बारही असायचा. प्रॅक्टिकलच्या दिवशी तेवढी चूळ भरून यायचा.

चट्टा त्याने मला दाखवला होता. "तोंड आलंय, सर. जाईल की." मीही म्हटलं, जाईल. पेशींवर तासभर बोलणाऱ्या माणसाला याहून जास्त सुचलं नाही.

आमच्याकडे स्लाइड बघतं कोण? आकृती आदल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवायची, हीच रीत. चपट्या पेशी, मधोमध टिंबाएवढं केंद्रक, खाली माझी सही. यंदा मोहोळहून येणाऱ्या प्रियदर्शनीला कुणाचं जर्नल मिळालं नाही, म्हणून बिचारीने खरोखरच बघून आकृती काढली. वेड्यावाकड्या पेशी, फुगलेली काळपट केंद्रकं.

"हे काय गं?"

"तसंच दिसतंय की, सर. तुमी बघा ना."

मला त्या दिवशी सगळी जर्नलं संपवायची होती. लाल शाईने फुली मारली आणि लिहिलं, 'पुस्तकाप्रमाणे काढा.' दुसऱ्या दिवशी तिने हुबेहूब पुस्तकातली आकृती आणली. मी 'उत्तम' असा शेरा दिला, वर सगळ्या वर्गासमोर तिचं कौतुक केलं. आता त्याची लाज वाटते.

चार महिन्यांनी जोतिरामच्या तोंडात दोन बोटं जाईनात. त्याची बायको मथुराबाई माझ्याकडे येऊन रडली, तेव्हा मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट वाचून ते म्हणाले, "फार उशीर झालाय. इतके दिवस हा गाल कुणालाच दाखवला नाहीत?"

जोतिरामला तो प्रश्न लागला. खुर्चीत ताठ होत, उघडेल तेवढं तोंड उघडून तो म्हणाला, "दाखवला न्हाय कसा? एकोणीस वर्सं पोरं ह्योच गाल बघत्यात. आन् हे आमचं सर सोता तपासून सही करत्यात की!"